मोठे अक्षर कोणाला?

इंग्रजी लेखनात कोणता शब्द कॅपिटल अक्षराने सुरू करावा आणि कोणता करू नये, या प्रश्नात मराठीच्या प्राध्यापकांनी कशासाठी लक्ष घालावे, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण हा प्रश्न आता फक्त इंग्रजी विभागाचा राहिलेला नाही. मराठीच्या शोधनिबंधाला इंग्रजी सारांश जोडावा लागतो, प्रबंधाचे शीर्षक रोमन लिपीत द्यावे लागते, संदर्भसूचीत मराठी ग्रंथांची नावे रोमन अक्षरांत उतरवावी लागतात. ज्या लिपीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही, त्या लिपीत वाढलेली मुले हे काम करतात. चुकले की लाल शाईने वर्तुळ काढले जाते आणि समासात ‘नियम पाहा’ असे लिहिले जाते. नियम कोणता, कोणी केला आणि कशासाठी, हे सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीने दलित आत्मकथनांवरचा इंग्रजी निबंध एका संशोधन-नियतकालिकाकडे पाठविला होता. तपासून परत आलेल्या मुद्रितात तिने मोठ्या अक्षराने लिहिलेला ‘दलित’ हा शब्द सर्वत्र लहान अक्षराचा झालेला होता. त्याच पानांवरचे ‘ब्राह्मण’ आणि ‘मराठा’ हे शब्द मात्र मोठ्या अक्षरानेच उभे होते. विचारणा केली तेव्हा उत्तर आले, की हा व्याकरणाचा प्रश्न आहे. ‘ब्राह्मण’ हे विशेषनाम आहे, ‘दलित’ हे विशेषण आहे. या उत्तरात कोणताही द्वेष नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक विचार करण्याजोगे आहे. द्वेषाशी वाद घालता येतो. नियमाशी वाद घालण्याची आपल्याला सवय नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. इंग्रजीतले मोठे अक्षर हा काही मोजक्या जागा सोडल्या तर व्याकरणाचा नियम नव्हे. तो एक निर्णय आहे. कोणती वस्तू, कोणता समूह, कोणती कल्पना स्वतंत्र नाव मिळण्याइतकी मोठी मानायची, याचा तो निर्णय आहे. तो घेणारा कोणीतरी असतो आणि त्याला कारणे असतात. आपल्या वर्गांत मात्र तो निसर्गनियम असल्यासारखा शिकविला जातो, आणि या शिकवण्याला आमचा विरोध आहे.

प्रथम इतिहास पाहू. जुन्या पिढीतले शिक्षक इंग्रजीची ‘पहिली लिपी’ आणि ‘दुसरी लिपी’ असे म्हणत. आज ते हास्यास्पद वाटते. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यांचेच म्हणणे अधिक बरोबर होते. मोठी अक्षरे ही रोमन शिलालेखांतून आलेली, दगडावर कोरण्याची अक्षरे. लहान अक्षरे ही हस्तलिखितांतली; त्यांचे आजचे वळण मुख्यतः शार्लमेनच्या काळात, म्हणजे आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास, घडलेल्या लेखनवळणातून आलेले. म्हणजे मुळात हे दोन निरनिराळे संच होते. एकाच ओळीत दोन्ही कसे वापरायचे याची वाटणी पुढे लेखनिकांनी आणि मुद्रकांनी हळूहळू केली. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे तर सरळ छापखान्यातलीच आहेत. जुळाऱ्याच्या पुढ्यात खिळ्यांच्या दोन पेट्या असत, वरच्या पेटीत मोठी अक्षरे आणि खालच्या पेटीत लहान. व्याकरणकार तिथे नव्हता.

ही वाटणी स्थिरही राहिलेली नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली इंग्रजी पुस्तके मूळ छपाईत पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू झालेले दिसते. स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये ते तसे आहे. १७८७ साली लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या संविधानातही बहुतेक नामे मोठ्या अक्षराने आहेत. याच शतकाच्या उत्तरार्धात ही रीत मागे पडत गेली. स्वतः मुद्रक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८९ साली नोआ वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात याबद्दल खंत व्यक्त केली. मोठी अक्षरे गेल्याने वाचणे अवघड झाले, अशी त्याची तक्रार होती. तेव्हा ज्या ‘चुकी’साठी आपण विद्यार्थ्याचे गुण कापतो, ती चूक स्विफ्टच्या मुद्रकाकडे शुद्धलेखन म्हणून गणली गेली असती.

शेजारच्या भाषांतही हेच दिसते. जर्मनमध्ये आजही सर्व नामे मोठ्या अक्षराने लिहितात. डॅनिशमध्येही तसेच लिहीत; १९४८ साली सरकारी निर्णयाने ती पद्धत रद्द झाली. एका निर्णयाने साऱ्या देशाच्या नामांचे पहिले अक्षर लहान झाले, आणि त्यामुळे डॅनिश व्याकरण कोसळल्याचे कोणी म्हटलेले नाही. इंग्रज ‘मी’ मोठ्या अक्षराने लिहितो म्हणून इंग्रजांच्या अहंकाराविषयीचे विनोद आपल्याकडे स्टाफरूममध्ये हमखास होतात. त्याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे कारण अगदी साधे आहे. एकटे उभे असलेले लहान ‘आय’ हस्तलिखितात नजरेतून निसटे, म्हणून ते उंच लिहिण्याची सवय पडली आणि छपाईने ती पक्की केली. गंमत अशी, की डॅनिशमध्ये तेच एकटे मोठे अक्षर ‘तुम्ही’ या अर्थाचे सर्वनाम आहे. जर्मनमध्ये ‘मी’ लहान आणि आदरार्थी ‘आपण’ मोठे. एकाच लिपीने मोठेपणा कोणाला द्यायचा याची तीन उत्तरे तीन भाषांत दिली आहेत.

देवासाठीचे सर्वनामही तसेच. ईश्वरासाठी ‘तो’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिणे ही प्राचीन धार्मिक शिस्त आहे, असा अनेकांचा समज असतो. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये ही पद्धत नाही. ती नंतरच्या भाविकांनी रुजविलेली सवय आहे.

यावर कोणी म्हणेल, की इतिहास काही असो, आजचा नियम तर एक आहे ना? तोही एक नाही. संदर्भसूचीत इंग्रजी पुस्तकाचे शीर्षक देताना एमएलए पद्धत बहुतेक महत्त्वाचे शब्द मोठ्या अक्षराने लिहायला सांगते, तर एपीए पद्धत पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामे एवढीच मोठी ठेवते. एकाच विद्यापीठात साहित्याचा विद्यार्थी एका रीतीने लिहितो आणि मानसशास्त्राचा दुसऱ्या, दोघेही बरोबर. ‘इंटरनेट’ हा शब्द २०१६ पर्यंत असोसिएटेड प्रेसच्या लेखनपद्धतीत मोठ्या अक्षराचा होता, त्या वर्षी तो लहान झाला. एका दिवसात त्याची व्याकरणिक जात बदलली असे कोणी मानत नाही. वस्तू अंगवळणी पडली, तिचे अप्रूप संपले, एवढेच घडले.

साहित्याच्या अभ्यासकांना तर हे सांगण्याचीही गरज पडू नये. एमिली डिकिन्सनच्या कविता तिच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये प्रथम पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा संपादकांनी तिची मोठी अक्षरे आणि डॅश ‘सुधारून’ टाकले. थॉमस जॉन्सन यांच्या १९५५ च्या आवृत्तीने ते परत आणले, आणि वाचकांना जणू निराळीच कवयित्री भेटली. पासष्ट वर्षे ‘शुद्ध’ केलेली कविता वाचली जात होती. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये ‘पार्टी’चे मोठे अक्षर दहशतीचा भाग आहे, मिल्नच्या ‘विनी-द-पू’मध्ये मध्येच उगवणारी मोठी अक्षरे हसवितात. साधन तेच, परिणाम दोन टोकांचे. कमिंग्ज यांचे नाव लहान अक्षरांत लिहिणे ही कवीचीच आज्ञा होती, असे आपली मार्गदर्शके ठासून सांगतात. वस्तुतः कमिंग्ज बहुतेक वेळा आपली सही मोठ्या अक्षरांनीच करीत. लहान अक्षरांतल्या नावाचा प्रसार प्रकाशकांनी आणि समीक्षकांनी अधिक केला. याउलट बेल हुक्स यांनी पणजीचे नाव घेतले आणि ते लहान अक्षरांत लिहिले, तो त्यांचा जाणीवपूर्वक निर्णय होता. वाचकाचे लक्ष व्यक्तीपेक्षा विचाराकडे जावे, हे त्यांनी दिलेले कारण. एका बाबतीत लादलेले लहान अक्षर, दुसऱ्या बाबतीत निवडलेले. जो शिक्षक दोन्हींना ‘शैलीची लकब’ म्हणून एकाच खणात टाकतो, त्याने काय वाचले?

आपल्या घरातले उदाहरण अरुण कोलटकरांचे. ‘जेजुरी’ (१९७६) या इंग्रजी संग्रहातल्या काही कवितांत वाक्यारंभीची मोठी अक्षरे नेहमीप्रमाणे आहेत. पण ‘अ स्क्रॅच’ या कवितेत देवही लहान अक्षरात आहे आणि जेजुरीही. देव आणि दगड यांच्यातली सीमारेषा किती पुसट आहे, हाच तिचा विषय आहे. इंग्रजी लिपी ज्या शब्दाला आपोआप उंच आसन देते, त्याला कवीने दगडांच्या रांगेत बसविले. ही कविता त्या अक्षरांवाचून निम्मी होते. देवनागरीत तिचे भाषांतर करणाऱ्याला हे साधन उपलब्धच नाही. त्याला दुसरा मार्ग शोधावा लागतो. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या कवीला हा भेद एखाद्या इंग्रजापेक्षाही अधिक तीव्रतेने जाणवला असावा, असे आम्हांस वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत ‘निग्रो’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिला जावा यासाठी डु बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे लढा दिला. १९३० साली न्यूयॉर्क टाइम्सने ते मान्य केले. पुढे तो शब्दच मागे पडला, ‘ब्लॅक’ आला, आणि पहिले अक्षर पुन्हा लहान झाले. २०२० च्या जूनमध्ये असोसिएटेड प्रेसने आणि पाठोपाठ न्यूयॉर्क टाइम्सने ‘ब्लॅक’ मोठ्या अक्षराने लिहिण्याचे ठरविले. ‘व्हाइट’चे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. असोसिएटेड प्रेसने तो शब्द लहानच ठेवला. वॉशिंग्टन पोस्टने दोन्ही मोठे केले. दोघांनीही आपापली कारणे जाहीरपणे मांडली. त्यांतले कोणते पटावे याविषयी मतभेद होतील. पण हा प्रश्न व्याकरणाचा आहे, असे म्हणून कोणी हात झटकले नाहीत.

आपल्याकडे हा भेद प्रत्यक्ष संविधानाच्या इंग्रजी पाठात आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथा खंड आला. त्या एकाच वाक्यात अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती मोठ्या अक्षरांनी आहेत, तर सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग लहान अक्षरांनी. यामागे द्वेष शोधू नये. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते, त्या नावाला संविधानात व्याख्या आहे. मागासलेले वर्ग हे तेव्हा केवळ वर्णन होते. जे नाव झाले ते मोठे, जे वर्णन राहिले ते लहान. मात्र २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीने या वर्गांचीही यादी राष्ट्रपतींनी अधिसूचित करण्याची तरतूद आली आणि त्यांनाही व्याख्या मिळाली, तरी अक्षर लहानच राहिले. म्हणजे कायद्याच्या काटेकोर भाषेतही शेवटी सवय जिंकते. संविधानाचा मराठी पाठ वाचणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

आता त्या संपादकीय उत्तराचा सर्वांत बळकट भाग घेऊ. ‘दलित’ म्हणजे दळला गेलेला, मोडलेला. हे स्थितीचे वर्णन आहे, समूहाचे नाव नाही. शिवाय दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने या शब्दाची व्याप्ती अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया यांच्यापर्यंत नेली, मग ते विशेषनाम कसे? हा युक्तिवाद हलका नाही. पण त्याला उत्तर डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनातच आहे. ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यांच्या पूर्वजांविषयी एक सिद्धान्त मांडला. पराभूत होऊन आपल्या टोळीपासून तुटलेल्या, गावाबाहेर वसविल्या गेलेल्या त्या माणसांना त्यांनी ‘ब्रोकन मेन’ म्हटले. मोडलेली माणसे. दोन्ही शब्द साधे, रोजच्या वापरातले. एक विशेषण, एक सामान्यनाम. आणि ते त्यांनी मोठ्या अक्षरांनी लिहिले. स्थितीचे वर्णन करणाऱ्या शब्दांना त्यांनी इतिहासातल्या एका समूहाचे नाव बनविले. सिद्धान्त मान्य असो वा नसो, नाव देण्याची कृती स्पष्ट आहे. ज्यांच्या अनुभवातून ‘दलित’ हा शब्द साहित्यात आणि चळवळीत उभा राहिला, त्यांनीही हेच केले. मोडलेपण हे विशेषण म्हणून अंगावर टाकले गेले होते. त्यांनी ते नाव म्हणून हाती घेतले. त्याला परत विशेषणाच्या रांगेत ढकलणे ही शुद्धलेखनाची दुरुस्ती नव्हे, अर्थाची दुरुस्ती आहे.

आणि विशेषणाचाच नियम लावायचा असेल, तर तो सर्वांना लावावा. ज्याला ‘ब्राह्मण’ हेही वर्णव्यवस्थेतल्या स्थानाचे वर्णन वाटते, त्याने तोही शब्द लहान अक्षराने लिहावा. आमची हरकत नाही. एकाच परिच्छेदात एकाला नाव आणि दुसऱ्याला वर्णन मानायचे, आणि त्याला व्याकरण म्हणायचे, याला मात्र हरकत आहे.

इथवर वाचून काही मराठी वाचकांना समाधान वाटले असेल, की आपली देवनागरी बरी. तिच्यात उच्च-नीच भेद नाही, सगळी अक्षरे एकाच शिरोरेषेखाली. हे समाधान आम्हांस मान्य नाही. लिपीत जे नाही ते आपण क्रियापदात ठेवले आहे. ‘साहेब म्हणाले’ आणि ‘गाडीवान म्हणाला’ ही वाक्ये आपण एका दमात लिहितो आणि त्यात काही घडले असे आपल्याला वाटतही नाही. इंग्रजीत दोघांच्याही बोलण्याला एकच क्रियापद पुरते. विठ्ठलाला आपल्या संतांनी ‘तू’ म्हटले, इंग्रज भाविकाने देवाचे सर्वनाम मोठे केले. पण मंत्र्याला एकेरी लिहिण्याचे धैर्य आपल्या कोणत्या वर्तमानपत्रात आहे? बातमीतल्या मजुराला आदरार्थी अनेकवचन किती वेळा मिळते? तेव्हा इंग्रजीच्या मोठ्या अक्षराकडे बोट दाखविताना आपल्या ‘तो’ आणि ‘ते’ यांचाही हिशेब द्यावा लागेल.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. मोबाइलच्या जमान्यात मुले सगळेच लहान अक्षरांत लिहितात, तेव्हा हा वादच कालबाह्य झाला, असे ते म्हणतात. आम्हांस हे आळसाचे तत्त्वज्ञान वाटते. मित्राला पाठविलेल्या संदेशात सर्वच शब्द लहान असतील, तर तिथे कोणाचा मान कमी होत नाही. पण ज्या मजकुरात काही शब्द मोठे आहेत, तिथे लहान राहिलेला प्रत्येक शब्द काही सांगत असतो.

मग वर्गात करायचे काय? आमच्या मागण्या मोजक्या आहेत. वाक्याचा आरंभ, व्यक्तींची व स्थळांची नावे, वारांची व महिन्यांची नावे, ‘मी’चे सर्वनाम, एवढ्या जागा आज सर्वमान्य आहेत, त्या नियम म्हणून शिकवाव्यात आणि तिथे चुकल्यास गुणही कापावेत. शीर्षकांच्या बाबतीत पद्धत कोणती ते आधी सांगावे आणि ती सुसंगतपणे पाळली की नाही एवढेच पाहावे. मराठी ग्रंथनामे रोमन लिपीत देताना, देवनागरीत हा भेद नसल्यामुळे कोणती रीत स्वीकारली ते प्रबंधाच्या आरंभी एका वाक्यात नोंदवावे. समूहांच्या नावांबाबत मात्र दोन प्रश्न विचारल्याशिवाय लाल शाई उचलू नये. तो समूह स्वतःला काय म्हणतो? आणि त्याच पानावरच्या इतर समूहांना हाच न्याय लावला आहे का? साहित्यकृतीतले अक्षर तर मूळ प्रत पाहिल्याशिवाय कोणीही, अगदी विभागप्रमुखांनीही, सुधारू नये.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगायचे आहे, की तुमचे मोठे अक्षर कोणी लहान केले, तर निमूट मान हलवू नका, कारण विचारा. कारण मिळाले आणि पटले, तर बदल स्वीकारा. न पटल्यास आपले कारण लिहून ते अक्षर पूर्ववत करा आणि लेख पुन्हा पाठवा. शिक्षकांना सांगायचे ते याहून थोडे अवघड आहे. ज्या नियमाचे कारण आपल्याला सांगता येत नाही, त्या नियमासाठी कोणाचे गुण कापण्याचा अधिकार आपल्याला नाही.